लाल रंगाखाली निळा

माजं माहेर केमकडचं. केम म्हंजी स्टेशनाचं गाव, पण आमची वस्ती लांब, रानात, गाडीची शिट्टी वाऱ्यावर आली तर यायची न्हायतर न्हाय. पाच भावंडं आमी, ज्वारीचं रान, चार-सहा शेरडं, आन् मी मधली, म्हंजी कुणाच्या ध्यानात न राहणारी. सातवीपतूर शाळा झाली. नाव कमल. लिहायचं तर नुसतं कमल लिवा ताई, आडनावाला काय करायचंय.

लग्न होऊन सोलापुरात आले ती अठराव्या वर्षी. पहिल्या दिवशी सकाळी उठले तर खटाखट खटाखट, मला वाटलं मागं पिठाची गिरणी हाय, तर ते माग होते, यंत्रमाग, आजूबाजूला सगळी तेलुगू माणसं, घराघरात टावेल आन् चादरी. त्या गल्लीत माणसं मोठ्यानं बोलतात, मागाच्या वर आवाज काढावा लागतो की. आमचे हे तेवढे हळू बोलायचे. नाव मी घेत न्हाय, लिहायला पायजे तर वसंत लिवा. हे मोटर वायंडिंगच्या दुकानात होते. मागाची मोटर जळली, हिरीवरची जळली की तितं यायची, आतली काळी झालेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश द्यायचं. हे दिवसाचं काम. आन् ह्यांचं खरं काम म्हंजी ऑर्केस्ट्रा. लग्नात, जत्रंत, गणपतीत ह्यांची पार्टी जायची, त्यात हे बेस गिटार वाजवायचे. चार तारांची असती ती, जाड तारा, साध्या गिटारीपेक्षा लांब दांडा. ह्यांची लालभडक होती, कडंनं चंदेरी टिकल्या लावलेल्या.

एकदा मोहोळला जत्रंत कार्यक्रम होता, मला घेऊन गेले. पुढंच बसले मी. ढोलकी ऐकू आली, कीबोर्ड ऐकू आला, गाणारी बाई तर काय, कान फाटायची येळ आली, आन् हे आपले मागं उभं राहून बोटं हलवायलेत, पण आवाज काय येईना. घरी आल्यावर म्हणलं, तुमी वाजवत होता का नुसतं उभं होता? काय सांगू तुमाला, दोन दिवस बोलले न्हाईत माज्याशी. तिसऱ्या दिवशी दुकानातनं जुना अॅम्प्लिफायर आणला, त्यांच्याच पार्टीची कॅसेट लावली आन् त्याचं एक बटन उलटं फिरवलं. गाणं एकदम पत्र्याच्या डब्यात पडल्यागत झालं बगा. म्हणले, आता जे गेलं ना, ते मी. मंग मला कळलं. त्येच्यानंतर मी कुठलंबी गाणं लागलं की आधी तेच हुडकायची, खालचा आवाज, त्यो हाय का बघायची.

वायंडिंग मी शिकले ती त्यांच्यामुळंच. हे पार्टीबरोबर दोन-दोन, तीन-तीन दिवस बाहेर असायचे, आन् दुकानात मोटरी पडून. दुकानाचे शेठ तेलुगू, भला माणूस, ते म्हणले वैनी, नुसत्या कॉइली गुंडाळून ठेवा घरात, बाकीचं आमी बघतो. हातानं फिरवायचं मशीन असतं, कडंला आकडे फिरणारं मीटर. मी गुंडाळत बसायची. हे तिकडं कुटं कुटं वाजवायचे आन् मी हितं मशीन फिरवायची, असाच निम्मा संसार गेला. मूलबाळ झालं न्हाय. दवाखाने झाले, सगळं झालं, मंग दोगांनीबी त्यो इषय सोडला.

पुढं डीजे आले. एक टेंपो, चार खोकी, एक माणूस, झालं काम. ऑर्केस्ट्रा कोण बोलवतंय? पार्टीतली बारा माणसं आठ झाली, आठाची पाच. कीबोर्डवाले रफिकभाई लग्नातल्या डीजेवर बसायला लागले, गाणारी बाई तिच्या गावी गेली. हे दुकानातनं आले की गिटार घ्यायचे, पुसायचे, थोडं वाजवायचे, परत खिळ्याला लावायचे. आन् मंग एक दिवस सकाळी दात घासत होते, डाव्या हातातला तांब्या पडला. म्हणलं उचला की. उचलेनात. तोंड वाकडं झालतं. डावी बाजू गेली, लकवा.

पाय आला थोडा, काठी घेऊन संडासपतूर जायला लागले. बोलायला बी यायचं, जरा जड, पण यायचं. हात न्हाय आला. आन् गिटारीला डावा हातच पायजे असतो ताई, डाव्यानं दांड्यावर तार दाबायची, उजव्यानं छेडायची. उजवा धड होता, पण एकट्या उजव्यानं काय करणार. त्यांनी बोलणंच सोडलं. भूक हाय का, व्हय. चहा देऊ का, दे. एवढंच. मी त्यांच्या जागंवर दुकानात जायला लागले, शेठनी त्यांचंच स्टूल दिलं मला. दिवसभर दुकान, संध्याकाळी घर, आन् घरात दोन माणसं असून आवाज फक्त टीव्हीचा. दुपारी शेजारची नरसम्मा त्यांना चहा द्यायची. ती घरी बसून बिड्या वळती, आमच्या दारालगत तिचं दार. तिचा लई आधार.

एका रविवारी रफिकभाई आले. बसले, इकडचं तिकडचं बोलले, मंग हळूच म्हणले, वसंतभाई, वो बेस ऐसाच लटकेला है, एका पार्टीतला माणूस मागायलाय, दे डालते क्या? आमचे हे तिकडं न बघता म्हणले, ने. एवढंच, ने. रफिकभाई उठले बी, खिळ्यापतूर गेले. मी आत भाकरी थापत होते, तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले आन् म्हणलं, न्हाय द्यायची. का न्हाय ते मला बी ठावं न्हवतं. ह्यांनी माज्याकडं बघितलं.

रफिकभाईंना सोडायला गल्लीच्या तोंडापतूर गेले. तितं उभं राहून त्यांनी मला मोबाइलात एक माणूस दाखवला, परदेशातला कुणीतरी, त्यो तारा छेडतच न्हवता, नुसता दांड्यावर बोटांनी टकटक मारत होता, आन् आवाज येत होता. म्हणलं, हे एका हातानं होतंय का? ते म्हणले, हौ भाभी, होता तो है, पर हमारे बेस पे नै होता, तारा वर हैत, आवाज उठत न्हाय. म्हणलं, आवाज कुटनं उठतो ते मला सांगा. तर म्हणले, तारांच्या खाली ती काळी पट्टी असती ना, पिकअप, तिच्यात लोहचुंबक आन् भवती बारीक तार गुंडाळलेली. मी म्हणलं, म्हंजी कॉइलच की!

तितनं ते सुरू झालं. एका हातानं वाजंल अशी गिटार करायची, पण मी ह्यांना इचारलं न्हाय ताई. हे पहिलं सांगते, कारण पुढचं सगळं त्येच्यावर हाय. मला वाटलं नीट झालं न्हाय तर उगा आशा लावल्यागत होईल. सर्व्हिसिंग करून आणते म्हणलं आन् गिटार चादरीत गुंडाळून दुकानात नेली. हे व्हय बी म्हणले न्हाईत, न्हाय बी म्हणले न्हाईत.

दुकानात जेवायच्या सुट्टीत आन् शटर अर्धं ओढल्यावर तासभर, असं मी करायची. मोटरची तार जाड असती, ही केसापेक्षा बारीक. शेठनी पुण्याहून रीळ मागवून दिलं. पहिली कॉइल तीन हजार टर्नवर, म्हंजी येढ्यांवर, तुटली. दुसरी पाच हजारावर. तुटली की पहिल्यापासनं, जोड देऊन चालत न्हाय, मला न्हाय चालत. मंग मी एका हातानं मशीन हळू फिरवलं आन् दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत नमद्याचा, म्हंजी दाबलेल्या लोकरीचा, तुकडा धरून त्यातनं तार सोडली, श्वास सुद्धा हळू. नऊ हजार घातले. पहिल्यांदा जोडलं तर आवाज आला की, पण खाली घरघर, मोटर चालू असल्यागत. मंग ध्यानात आलं, एकाच्या जागी दोन कॉइली करायच्या, एक सुलट एक उलट, म्हंजी दोनींची घरघर एकमेकीला मारती आन् तारेचा आवाज तेवढा राहतो. मोटरीत उलट-सुलट जोडण्या आमी रोजच करतो. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावला, त्येला अर्थिंग दिलं. रफिकभाईंनी एका मोडक्या गिटारीतलं बॅटरीवर चालणारं बारकं सर्किट आणून दिलं, त्यानं बोटाचा नुसता टकटक आवाज बी मोठा व्हायचा. तारा खाली घेतल्या, दांड्याला टेकतील-न टेकतील एवढ्याच. आन् मारलेल्या तारेचं वरचं टोक उगा कुईकुई करायचं, तितं मी माज्या अंबाड्याचं रबर बांधलं, गप झालं.

पण नवी पट्टी बसवायला लाकडात नवी खाच पाडायला लागती. पटाशी दोनदा लावली, दोनदा उचलली. माणूस घरात बसलेला आन् मी त्येच्या वस्तूला भोक पाडायली. खाचेच्या कडंनं लाल रंगाच्या खपल्या उडाल्या. इतका जुना रंग, जुळवून आणायचा कुटनं? मंग सगळाच काढायचा ठरवला. टिकल्या काढल्या, पॉलिश पेपर घेऊन बसले. लाल गेला आन् खालनं निळा निघाला. निळा, बगा. एवढी वर्षं संसार केला, दिवसातनं दहा येळा त्या गिटारीखालनं गेले-आले, आन् तिला निळा रंग होता हे मला म्हाईत न्हवतं. रफिकभाईंना दाखवलं तर म्हणले, हां, वो शादीसे पहले की बात है, तब नीलीच थी. म्हंजी माज्या आधीची. मला त्यो खरवडवंना. कुटं निळा, कुटं नुसतं लाकूड, तसंच ठेवलं, वरनं मोटरला देतो तसलं वार्निश न्हवं, चांगलं पारदर्शक दिलं तीन हात. लई देखणी दिसायला लागली, मला तर वाटली.

घरी नेली. बॅटरी घातली, जुन्या अॅम्प्लिफायरला वायर लावली, त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. म्हणलं, बोटांनी नुसतं मारा, छेडायचं न्हाय. त्यांनी उजवा हात ठेवला वरनं, असा पुसल्यागत फिरवला. मंग म्हणले, लाल कुटं गेला? म्हणलं, खाच पाडायला लागली म्हणून. म्हणले, मला इचारलंस? मंग म्हणले, जड जिभेनं, पण एकेक शब्द कळत होता, म्हणले, मी मागं उभं राहायचो कमल, गाणारी पुढं, नाचणारे पुढं. ती लाल होती म्हणून लोकास्नी मी दिसायचो.

हे मला कुणी सांगितलंच न्हवतं ताई. त्यांनी न्हवतं आन् मी इचारलं न्हवतं. गिटार बाजूला सारली त्यांनी, एका हातानं, दांडा फरशीवर आपटला. मी म्हणलं, परत लाल करून आणते. म्हणले, ऱ्हाऊ दे. भिताडाकडं तोंड करून पडले. मी ती कॉटच्या कडंला, त्यांच्या हाताला लागंल अशी उभी केली, खिळ्याला न्हाय लावली, तेवढाच हट्ट केला. पुढं तो इषय कुणीच काढला न्हाय. मी दुकानात जायची, यायची. गिटार जागच्या जागी. मला वाटलं ह्या माणसाजवळ एकच स्वतःचं होतं, ते बी मी खरवडून टाकलं.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका रविवारी हे अंघोळीला बसलते, मी झाडताना गिटार उचलली, आन् सवय असती हाताला, बॅटरी काढून जिभेला लावली. बॅटरी चांगली असली की जिभेला मुंगी चावल्यागत होतं. काय झालं न्हाय. मेलेली. आता ऐका, त्या सर्किटची बॅटरी गिटारीला वायर लावलेली असली तरच उतरती, न्हायतर वरीसभर हालत न्हाय. आन् वायर तर मी गुंडाळून ठेवली होती, तशीच गुंडाळलेली होती. पण गुंडाळी माजी न्हवती. मी आठ करून बांधते, ही नुसती गोल, एका हातानं केलेली.

मी तितंच खाली बसले. ते बाहेर येईपतूर तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी येताना नवी बॅटरी आणली आन् ते पाठमोरे असताना घातली. तितनं तसंच चाललं. उतरली की मी बदलायची. त्यांना कळत असणार की, बॅटरी काय आपोआप भरत न्हाय. पण ते बी बोलले न्हाईत, मी बी न्हाय. एक दिवस मला राहवलं न्हाय, शेठना डोकं दुखतंय सांगून चारलाच निघाले. गल्लीत आले, तर माग चालू, खटाखट, काय ऐकू येईना. दाराशी गेले तर गप. आत हे कॉटवर, गिटार कडंला उभी. म्हणले, लवकर आलीस? म्हणलं, डोकं दुखतंय. मंग मलाच लाज वाटली, परत तसं केलं न्हाय. दीड वरीस असं गेलं. घरात बोलणं तेवढंच होतं, व्हय आन् दे, पण मला त्याचा पहिल्यागत त्रास व्हायचा न्हाय.

गेले ते असंच, मी दुकानात असताना. नरसम्मा चहा घेऊन गेली तर बसल्या जागी मान टाकलेली, गिटार मांडीवर. ती ओरडत दुकानापतूर पळत आली, अनवाणी. माणसं आली, सगळं झालं, सगळे गेल्यावर मी बघितलं तर अॅम्प्लिफायरचा लाल दिवा चालूच. दुपारपासनं चालू, आन् एवढ्या माणसांत कुणाला कळलं न्हाय, कारण त्यातनं घरघर येतच न्हवती. मीच काढली होती की. मी बटन बंद केलं.

तेराव्यानंतर नरसम्मा माज्याजवळ येऊन बसली. म्हणली वदिना, म्हंजी वैनी, एक सांगायचंय, अण्णांनी सांगू नको म्हणलते. म्हणलं, वाजवायचे ते ना? मला म्हाईत हाय. म्हणली, रोज वाजवायचे, जेवण झालं की सुरू, माजी नात त्या आवाजावर झोपायची, दूम दूम दूम करून, आन् तुमची यायची येळ झाली की बंद. मी एकदा म्हणलं त्यांना, अण्णा, वदिनाला ऐकवा की, तिला बरं वाटंल. तर म्हणले, अजून नीट बसंना. बसलं की ऐकवीन.

काय सांगू तुमाला. दीड वरीस. नीट बसायला कशाला पायजे होतं, मला कुटं कळतंय नीट काय आन् वाईट काय? पण त्यांना तसं न्हाय चाललं. रफिकभाईंना बोलवलं मी, नरसम्माला म्हणलं, ते काय वाजवायचे ते गुणगुणून दाखव. तिनं दाखवलं, लाजत लाजत, जमंल तसं. रफिकभाईंनी दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं, म्हणले, भाभी, ये तो कोई गाना नै है. आपल्या पार्टीचं बी न्हाय, कुणाचंच न्हाय. ते त्यांचंच असणार. मी नरसम्माला परत म्हणायला लावलं, पण दुसऱ्या येळंला तिचं येगळंच आलं, ती बी रडायला लागली, मंग म्हणलं ऱ्हाऊ दे.

रफिकभाईंनीच चार ठिकाणी सांगितलं, सोलापुरात एक बाई हाय, पिकअप गुंडाळून देती. आता लोक येतात. पुण्याची पोरं येतात, एक बेळगावची मुलगी आलती, मला म्हणली काकू, आवाज जरा उबदार करा. उबदार म्हंजी काय ते मी तिला चार येळा इचारलं, मंग टर्न वाढवून दिले, खूश झाली. कुणाला घरघर काढून पायजे असती, कुणाला रंग. रंग काढायच्या आधी मी लई इचारते, काढू का, खरंच काढू का, त्यांना वाटतं ही बाई काम टाळती. काम झालं की ते दुकानातच लावून बघतात, वाजवतात, मी हात पुसत ऐकते आन् म्हणते, बरं हाय.

ह्यांची हाय घरात. दोघा-तिघांनी मागितली, एकानं तर लई आग्रह केला. मी रफिकभाईंना सांगून ठेवलंय, एका हाताचा कुणी वाजवणारा गावला तर त्येला द्यायची, तशीच बसवलीय ती, दुसऱ्याला तिचा उपयोग न्हाय. अजून गावला न्हाय. तुमी एवढं फिरता ताई, तुमच्या वळखीत कुणी असला तर सांगा. दुकान असतं तवर दिवस जातो, रविवार तेवढा लई लांब असतो, म्हणूनच तुमाला रविवारी या म्हणलं. बरं झालं आला. सांभाळून जावा, सुखी ऱ्हावा. आन् त्यो माणूस गावला तर कळवा, तवर ती हाय हितं, आन् मी हाय.